शिलेदारीचा हंगाम
(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय पोटापाण्याचा आहे, आणि तरीहि पुष्कळ सुशिक्षित घरांतून तो मोकळेपणानें बोलला जात नाहीं. नोकरींत नसलेला, परंतु बेकारहि नसलेला असा एक तरी माणूस आतां बहुतेक प्रत्येक गोतावळ्यांत सांपडतो. कोणी भाषांतरें करतो, कोणी जाहिरातींसाठीं चित्रें काढतो, कोणी परदेशच्या कंपन्यांस संगणकाचीं कामें करून देतो, कोणी लग्नसमारंभांचीं छायाचित्रें घेतो, तर कोणी चार दुकानदारांचे हिशेब लिहितो. हीं माणसें कामापुरता करार करतात, तें काम पुरें करून देतात, मोबदला घेतात आणि पुन्हां नव्या कामाच्या शोधास लागतात. चार महिने त्यांना जेवावयास फुरसत नसते. पुढचे दोन महिने तीं घरांत बसून असतात. बसलेला मुलगा पाहून आईबापांचा जीव खालींवर होतो, शेजारीपाजारी चौकशी करतात, आणि हळूहळू त्या मुलाचाहि धीर सुटतो. या भरती-ओहोटीस कांहीं नियम आहे काय, आणि असल्यास तो जाणून घेण्यांत कांहीं लाभ आहे काय, एवढेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

अशा माणसास इंग्रजींत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. वॉल्टर स्कॉट याच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरींत भाडोत्री भालाइतांना ‘फ्री लान्स’ म्हटलेलें आहे. तेव्हां हा शब्द जुन्या लष्करी पेशांतून आलेला दिसतो. परंतु त्यासाठीं इंग्रजी कादंबरीपर्यंत जाण्याचें आपणांस कारण नाहीं. मराठ्यांच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला सरकारी पागेंतून घोडा मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचीं शस्त्रें घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. घोडा पडला तर बारगिराला दुसरा मिळे. शिलेदाराचें नुकसान शिलेदारासच सोसावें लागे. उलट, शिलेदाराचें वेतन अधिक असे व त्याचा मानहि मोठा असे. आजचा पगारदार हा बारगीर होय, आणि स्वतःच्या खर्चानें संगणक वा कॅमेरा बाळगून कंत्राटानें काम करणारा हा शिलेदार होय.

शिलेदाराला हंगाम होता. पावसाळ्यांत नद्यांना उतार नसे, वाटा चिखलानें भरलेल्या असत, म्हणून फौजा छावणीला राहत. दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि मृगाचा पाऊस जवळ आला कीं स्वार घरीं परतत. परंतु एवढ्यावरून शिलेदाराचें काम दसऱ्याला सुरू होई असें जर कोणी म्हणेल, तर तें अर्धेंच खरें. घोडा पोसावयाचा तो पावसाळ्यांत. खोगीर शिवून घ्यावयाचें तें पावसाळ्यांत. आणि यंदा कोणत्या सरदाराच्या पथकांत जागा आहे याचा कानोसा घ्यावयाचा तोहि पावसाळ्यांतच. दसऱ्याच्या दिवशीं ज्याला घोडा शोधावा लागेल त्याची मोहीम हुकलीच म्हणावयाची.

माझ्या आजच्या सांगण्याचें सार यांतच आहे. कंत्राटी कामाला एक हंगाम नसतो, तीन असतात. पहिला शोधाचा, दुसरा कामाचा आणि तिसरा पैशाचा. हे तीन एकामागून एक येतात आणि त्यांच्यामध्यें कांहीं आठवड्यांचें, पुष्कळदां कांहीं महिन्यांचें अंतर असतें. लोक दुसरा हंगाम डोळ्यांनीं पाहतात, कारण त्या वेळीं धांवपळ दिसते. पहिला आणि तिसरा दिसत नाहींत, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतींत फसगत होते.

याचें सर्वांत ठळक उदाहरण पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांवीं पाहावयास मिळतें. जुन्नर तालुक्यांतील हें गांव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. गांवोगांवच्या जत्रा चैत्र-वैशाखांत भरतात आणि जत्रेला तमाशा हवाच असतो. परंतु त्याचा सौदा जत्रेच्या दिवशीं ठरत नाहीं. पाडव्याच्या सुमारास तमाशाचे फडमालक नारायणगांवीं आपआपल्या राहुट्या ठोकतात. निरनिराळ्या गांवांचे पंच तेथें येतात, दोनचार राहुट्यांतून चौकशी करतात, तिथि सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. ज्या तिथीला अनेक गांवांच्या जत्रा एकदम येतात त्या तिथीची सुपारी महाग, आडतिथीची स्वस्त. म्हणजे कला तीच, कलावंत तेच, गाणें तेंच; मोल मात्र तिथीगणिक बदलतें. आणि चैत्रांतल्या त्या थोड्या दिवसांत ज्या फडाच्या तिथि भरल्या नाहींत, त्याला जत्रांचा हंगाम ऐन भरांत असतांनाहि रिकामें बसावें लागतें.

या व्यवस्थेंत धोका केवढा आहे हें २०२० सालीं दिसलें. त्या वर्षीं गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि कोरोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली तीहि नेमक्या त्याच दिवशीं. शोधाचा आणि कामाचा असे दोन्ही हंगाम एका दिवसांत बुडाले. २०२१ च्या चैत्रांतहि जत्रांवर निर्बंधच होते. ज्याचें सारें वर्ष एकाच हंगामावर तोललेलें असतें त्यानें ही गोष्ट विसरूं नये.

दुसरें उदाहरण आपणां वाचणाऱ्या लोकांच्या जवळचें आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून महाराष्ट्रांत साहित्याचाहि एक हंगाम सुरू झाला. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी या अंकांचीं मुद्रितें तपासण्याचें काम करीत आलों आहें, म्हणून हें चक्र मला आंतून ठाऊक आहे. ऐन मुद्रितांचा लोंढा येतो तो भाद्रपद-आश्विनांत. त्या दिवसांत संपादकाला नव्या माणसाची ओळख करून घेण्यास क्षणाची सवड नसते. ज्याचें नांव वहींत आधींच लिहिलेलें असतें त्यालाच तो बोलावतो. तें नांव लिहिलें जातें ज्येष्ठ-आषाढांत, जेव्हां लेखकांना पत्रें जातात आणि चित्रकाराशीं मुखपृष्ठाची बोलणीं होतात. मोबदला हातीं पडतो तो मात्र दिवाळी सरल्यावर, जाहिरातदारांचे पैसे संपादकाकडे आले म्हणजे. ज्येष्ठांत शोध, आश्विनांत काम, मार्गशीर्षांत पैसा! दिवाळीचा फराळ दिवाळी अंकाच्या मोबदल्यांतून करूं म्हणणाऱ्याच्या घरीं चकल्या संक्रांतीला तळल्या जावयाच्या.

लग्नसराईचेंहि तसेंच. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास लग्नांना वर्ज्य मानण्याची रूढि आहे, आणि तुळशीचें लग्न लागलें म्हणजे माणसांच्या लग्नांना आरंभ होतो. आचारी, मांडववाले, वाजंत्री, छायाचित्रकार या साऱ्यांचें काम त्यानंतरचें. परंतु त्यांचीं नांवें ठरतात तीं कार्यालय ठरल्याबरोबर, म्हणजे पुष्कळदां चातुर्मासांतच. चातुर्मास हा आचाऱ्याच्या विश्रांतीचा काळ नव्हे. तो त्याच्या ओळखी वाढविण्याचा काळ होय.

आतांपर्यंतचीं उदाहरणें पंचांगावर चालणाऱ्या धंद्यांचीं झालीं. या धंद्यांतल्या माणसांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पंचांगाचा हंगाम इंग्रजी तारखांस बांधलेला नसतो. गणेशचतुर्थी २०२२ सालीं ३१ ऑगस्टला होती. २०२३ सालीं श्रावण अधिक आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. दिवाळींतील लक्ष्मीपूजनहि २४ ऑक्टोबरवरून १२ नोव्हेंबरवर गेलें. गेल्या वर्षीं सप्टेंबरांत इतकें काम होतें आणि यंदा कां नाहीं, अशी चिंता करणाऱ्यानें आधीं अधिक मास कोठें आहे तें पाहावें. पुष्कळदां काम गेलेलें नसतें. तें तीन आठवडे पुढें सरकलेलें असतें.

परंतु शहरांतील सुशिक्षित शिलेदारांपैकीं पुष्कळांचें पंचांग निराळें आहे. त्यांचा हंगाम तिथीवर नव्हे, हिशेबाच्या वर्षावर चालतो. कचेऱ्या, कंपन्या आणि संस्था वर्षाच्या आरंभीं खर्चाचा अंदाज मंजूर करतात. जोंपर्यंत अंदाज मंजूर नाहीं तोंपर्यंत बाहेरच्या माणसास काम देण्याचा अधिकार कोणाच्याच हातीं नसतो. आणि वर्ष संपत आलें कीं मंजूर झालेली रक्कम खर्चीं पडली नाहीं तर पुढच्या वर्षीं कापली जाईल या भीतीनें घाईघाईनें कामें निघतात. ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे आणि ती सर्व देशांत सारखीच आढळते.

आपल्याकडे हें वर्ष १ एप्रिलला सुरू होतें. १८६७ पूर्वीं हिंदुस्थान सरकारचें हिशेबाचें वर्ष मे महिन्यांत सुरू होत असे; त्या सालीं तें इंग्लंडशीं जुळवून एप्रिलवर आणलें गेलें आणि आजतागायत तसेंच आहे. म्हणून फेब्रुवारी-मार्च हे आपल्याकडे लगबगीचे महिने. अहवालांचीं भाषांतरें, माहितीपत्रकें, शिक्षणवर्ग, लहानसहान दुरुस्त्या यांचीं कामें या दिवसांत निघतात, आणि तीं ‘३१ मार्चच्या आंत बिल द्या’ या अटीवर निघतात. एप्रिल-मे मात्र बहुधा थंड असतात. अधिकारी सुट्टीवर असतात, नवीन मंजुऱ्या वरून उतरत असतात. खरें काम पुन्हां जून-जुलैपासून मार्गीं लागतें आणि दसरा-दिवाळीच्या पंधरवड्यांत एकदां विसांवतें.

ज्यांचीं गिऱ्हाइकें परदेशीं आहेत त्यांनीं त्या देशाचें पंचांग भिंतीवर लावावें. अमेरिकेंतील बहुतेक कंपन्यांचें वर्ष जानेवारीला सुरू होतें. परंतु तेथील मध्यवर्ती सरकारचें वर्ष १९७६ पासून १ ऑक्टोबरला सुरू होतें, म्हणून सरकारी कामाची घाई तेथें ऑगस्ट-सप्टेंबरांत असते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं येणाऱ्या त्यांच्या थँक्सगिव्हिंग सणापासून नव्या वर्षापर्यंत निर्णय मंदावतात. त्या पांच-सहा आठवड्यांत पत्राला उत्तर आलें नाहीं तर तो नकार समजूं नये. उत्तर देणारा माणूस जागेवर नसतो एवढाच त्याचा अर्थ. जानेवारींत अंदाज मंजूर होऊन नवीं कामें सुटूं लागतात. फ्रान्स, इटली या देशांत ऑगस्ट महिना सुट्टीचा. जपानचें हिशेबाचें वर्ष आपल्याप्रमाणेंच एप्रिलचें, आणि एप्रिलच्या अखेरीस व मेच्या आरंभीं तेथें सुट्ट्यांची रांग लागलेली असते. ऑस्ट्रेलियाचें वर्ष १ जुलैला सुरू होतें. ज्याचीं गिऱ्हाइकें दोन निरनिराळ्या पंचांगांचीं असतात, त्याची एकाकडील ओहोटी दुसरीकडील भरतीनें कांहीं अंशीं भरून निघते. शेतकरी खरीप आणि रब्बी अशीं दोन पिकें घेतो त्यांतलें शहाणपण हेंच आहे.

यावरून आचरणाचा पहिला नियम निघतो, आणि तो ऐकावयास सोपा असला तरी पाळावयास फार कठीण आहे. तो असा कीं, हातांत काम असतांनाच पुढच्या कामाचा शोध चालूं ठेवावा. मनुष्याचा कल नेमका याच्या उलट असतो. काम आहे तोंवर तो मान वर करीत नाहीं. काम संपल्यावर दोन दिवस झोप काढतो. मग चार ठिकाणीं पत्रें धाडतो, आणि आठवड्यांत उत्तर न आल्यास जग आपल्यावर उलटलें असें मानतो. शोधापासून कामापर्यंत दोन महिने लागतात आणि कामापासून पैशापर्यंत आणखी दोन, असें धरलें, तर आज धाडलेल्या पत्राचा पैसा चार महिन्यांनंतरचा आहे. म्हणजे भाद्रपदांतला रिकामा डबा हा भाद्रपदांतल्या आळसाचा पुरावा नव्हे. वैशाखांत न लिहिलेल्या पत्रांचा तो परिणाम असूं शकतो. तहान लागल्यावर विहीर खणूं नये हें आपण लहानपणापासून ऐकतों. या धंद्यांत विहीर चार महिने आधीं खणावी लागते, एवढाच फरक.

दुसरा नियम वहीचा. एका साध्या वहींत प्रत्येक कामापुढें तीन तारखा लिहाव्या: चौकशी केव्हां आली, काम केव्हां सुरू झालें, पैसा केव्हां हातीं पडला. एका वर्षाची वही विशेष कांहीं बोलणार नाहीं. तीन वर्षांच्या वह्या शेजारीं ठेवल्या कीं आपल्या धंद्याचें पंचांग आपोआप डोळ्यांपुढें उभें राहील; आणि तें दुसऱ्या कोणाच्याहि सांगण्यापेक्षां अधिक विश्वासाचें असेल.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो अप्रिय असला तरी सांगितला पाहिजे. प्रत्येक रिकामा महिना हा हंगामाचा नसतो. शहरांत पाट्या रंगविणारे चित्रकार असत. गणेशोत्सव, दिवाळी आणि निवडणुका हे त्यांचे सुगीचे दिवस. यंत्रावर छापलेले फ्लेक्सचे फलक आल्यावर हें काम आटत गेलें. पहिल्या वर्षीं त्यांतील कोणी ‘यंदा सराई मंद आहे’ असें म्हटलें असेल. परंतु ती मंदी सराईची नव्हती, धंद्याचीच होती. आज भाषांतर, चित्रकला व लेखन या कामांत संगणकाचा शिरकाव होत असतांना हाच प्रश्न पुष्कळांपुढें उभा आहे. ओळखावें कसें? पूर्वीं जे महिने ओसाड असत तेच यंदाहि ओसाड असतील, तर तो हंगाम आहे, धीर धरावा. परंतु जे महिने नेहमीं भरलेले असत तेच लागोपाठ ओसाड जाऊं लागले, तर ती ओहोटी परत भरणारी नाहीं. त्यानें नवी विद्या शिकण्यास उशीर करूं नये.

आतां पैशाच्या हंगामाकडे वळूं. काम करून दिल्यावर पैसा वेळेवर न येणें हें शिलेदाराचें जुनें दुखणें आहे. यावर कायद्याचा थोडा आधार आहे आणि तो अनेकांस ठाऊक नसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणें, नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्यानें ठरलेल्या मुदतींत पैसे दिले पाहिजेत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक ठरवितां येत नाहीं. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढें विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानें, महिन्यामहिन्याला चढणारें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. घरीं बसून सेवा पुरविणारा एकटा माणूसहि ‘उद्यम’ या सरकारी नोंदणीस पात्र असतो आणि या नोंदणीस शुल्क नाहीं. गिऱ्हाइकाला कोर्टांत खेचावें असें मी सुचवीत नाहीं. परंतु बिलावर नोंदणीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख स्पष्ट लिहिलेली असली म्हणजे पुष्कळांची स्मरणशक्ति सुधारते. करदात्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, आगाऊ कराच्या हप्त्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांची १५ तारीख ठरलेली आहे; ती आपल्या भरती-ओहोटीसाठीं थांबत नाहीं.

येथपर्यंत जें सांगितलें तें सोयीचें झालें. परंतु या विषयाचा गाभा सोयीचा नाहीं. तो स्वातंत्र्याचा आहे. तो समजण्यासाठीं शहर सोडून क्षणभर बीड जिल्ह्याकडे जाऊं.

ऊसतोडणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें त्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘कोयता’ म्हणतात. हा करार ऊस उभा राहिल्यावर होत नाहीं. तो पावसाळ्यांत होतो, जेव्हां घरांत धान्य संपत आलेलें असतें, मुलाची फी भरावयाची असते, एखादें आजारपण निघालेलें असतें. मुकादम येतो आणि ‘उचल’ देतो, म्हणजे पुढच्या मजुरीवरची आगाऊ रक्कम. त्या दिवशीं घरांत पैसा येतो, आणि त्याच दिवशीं पुढचे सहा महिने कोठें, कोणाकडे व कोणत्या अटींवर राबावयाचें हें ठरून जातें. तोडलेल्या उसाच्या टनामागें मिळणाऱ्या दरानें ती उचल फेडावयाची. हंगाम संपेपर्यंत फिटली नाहीं तर बाकी अंगावर येते आणि पुढच्या वर्षीं त्याच मुकादमाच्या टोळींत जावें लागतें. या माणसाच्या मेहनतींत कमतरता नसते. त्याचा करार मात्र त्याच्या सर्वांत रिकाम्या महिन्यांत झालेला असतो, आणि पुढें सहा महिने घाम गाळूनहि त्याला तो करार बदलतां येत नाहीं.

शहरांतला सुशिक्षित कंत्राटदार स्वतःस याहून फार निराळा समजतो. त्याचे हाल त्या मजुरांच्या हालांशीं तुलण्याजोगे नाहींत हें तर उघडच आहे. परंतु नियम तोच आहे. ज्याच्या घरीं पुढच्या महिन्याचें भाडें नाहीं तो एप्रिलांत जें काम, ज्या दरानें मिळेल तें पत्करतो. आणि एकदां पत्करलेला दर गिऱ्हाइकाच्या वहींत वर्षभर टिकतो. पुढें जूनमध्यें चांगलें काम दारीं येतें तेव्हां त्याचे हात त्या स्वस्त कामांत गुंतलेले असतात. ज्याच्याजवळ चार महिन्यांची शिधासामग्री आहे तो ‘या दरांत परवडत नाहीं’ असें नम्रपणें म्हणूं शकतो. ‘नाहीं’ म्हणण्याची ही शक्ति हेंच शिलेदाराचें स्वातंत्र्य. ती गेली कीं तो स्वतःच्या घोड्यावर बसलेला बारगीर झाला. धोका मात्र शिलेदाराचा आणि पगार बारगिराचाहि नाहीं.

ही सामग्री जमवावी कशी? एक कल्पित हिशेब सांगतों. एका चित्रकारास कर वजा जातां वर्षाला ६,००,००० रुपये मिळतात, परंतु ते आठच महिन्यांत येतात. म्हणजे त्या प्रत्येक महिन्यांत ७५,००० रुपये हातीं पडतात. हीच आपली मासिक प्राप्ति असें समजून त्यानें घर चालविलें तर चार महिने उपास आहे. त्याऐवजीं येणारा सर्व पैसा एका निराळ्या खात्यांत टाकावा आणि त्यांतून स्वतःला दरमहा ४५,००० रुपये पगार द्यावा. बारा महिन्यांचे ५,४०,००० झाले. ६०,००० शिल्लक राहिले. अशा तीन वर्षांत चार महिन्यांचा आधार उभा राहतो. पहिलें वर्ष अवघड जातें हें खरें. म्हणून आरंभ सुगीच्या महिन्यांत करावा, टंचाईच्या नव्हे. शेतकऱ्याच्या घरीं खळ्यावरून धान्य आलें कीं बियाणें आधीं बाजूला काढतात आणि मग दळण करतात. तीच रीत ही.

आणि रिकामे महिने रिकामे नसतात, हेंहि घरांतल्या मंडळींनीं ओळखावें. वैशाखांत शेतांत पीक नसतें म्हणून शेतकरी आळशी ठरत नाहीं. तो नांगरट करीत असतो, बांध घालीत असतो. कंत्राटी माणसाचीं नांगरटीचीं कामें पुष्कळ आहेत. जुन्या गिऱ्हाइकांस पत्रें धाडणें, केलेल्या कामाचे नमुने व्यवस्थित लावून ठेवणें, अडकलेलीं बिलें सोडविणें, हत्यारें दुरुस्त करणें, एखादें नवें अंग शिकणें. हीं कामें पैसा आणीत नाहींत, म्हणून तीं कामें दिसत नाहींत. परंतु पुढचें पीक यांतूनच येतें.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एक विनंति. आपण बहुतेक सारे पगारावर जगलों. एक तारखेला हातीं पाकीट येई आणि त्या पाकिटावरून आपण महिन्याची आणि माणसाची किंमत करीत आलों. हें माप शिलेदाराला लावूं नये. त्याला महिन्यानें मोजूं नका, वर्षानें मोजा. शक्य तर तीन वर्षांनीं मोजा. ‘या महिन्यांत किती मिळवलेस?’ हा प्रश्न विचारण्यापेक्षां ‘पुढच्या हंगामाची तयारी कुठवर आली?’ असें विचारा. पहिल्या प्रश्नानें तो घाबरून मिळेल तें काम पत्करील. दुसऱ्यानें तो विचार करूं लागेल. आणि त्यानेंहि आपल्या तीन तारखांची वही आईबापांपुढें, बायकोपुढें उघडी ठेवावी. जेथें घरच्यांस हंगाम ठाऊक असतो तेथें ओहोटीच्या दिवसांत घर त्याच्या पाठीशीं उभें राहतें, आणि ज्याच्या पाठीशीं घर उभें आहे त्याला वाईट करारावर सही करण्याची पाळी सहसा येत नाहीं.